काँक्रीटला एक्सपायरी डेट असते म्हणे!

आमच्या अण्णांनी, म्हणजे थोरल्या भावाने, पाटणहून घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'ब्रुटालिस्ट म्हणजे क्रूर शैलीच्या कॉलेज-इमारती पाडाच. काँक्रीटचं आयुष्य ५० वर्षंच. सगळं जग पाडतंय. नवी इमारत पर्यावरणाला बरी.' खाली जोडलेले हात. त्यांची मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या अशाच उघड्या काँक्रीटच्या इमारतीवर प्रोजेक्ट करतेय. तिला म्हणाले, "पाडायच्या घराचा कसला अभ्यास?" पोरगी जेवली नाही त्या रात्री.

आधी ती ५० वर्षं. अहो अण्णा, तुमच्या डोक्यावर कोयना धरण आहे! रबल काँक्रीटचं, म्हणजे दगड घालून ओतलेल्या काँक्रीटचं, १०३ मीटर उंच, साठी उलटलेलं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपात त्याला तडे गेले. पाडलं का? तडे भरले, ताणलेल्या केबलींनी आवळलं, पाठीला काँक्रीटचे टेकू दिले. मेसेजच्या हिशेबाने ते केव्हाच मुदतबाह्य झालं, आणि तुम्ही खाली घोरताय. धरणाचं अवाढव्य पोट आणि इमारतीचा सळईचा स्लॅब एक नव्हे, कबूल. सळई गंजून फुगते, पोपडे पडतात, आणि उघड्या काँक्रीटला ठिगळ लावलं की रंग जुळता जुळत नाही. खर्च येतोच. पण त्यासाठी सळई उघडी करून साफ करतात, फारच खाल्लेली असेल तर बदलतात. कॅलेंडर बघून पाडत नाहीत.

येलची इमारत आर्किटेक्ट पॉल रुडॉल्फची, १९६३ची. लोकांनी नावं ठेवली, १९६९ला आग लागली, आत वेडीवाकडी पार्टिशनं झाली. तरी विद्यापीठाने २००८मध्ये ती नीट करून घेतली आणि रुडॉल्फचंच नाव दिलं. भिंतींवर उभे कंगोरे ओतून त्यांच्या कडा हातोड्याने फोडल्यात, आतली खडी दिसते. पुतणीने फोटो दाखवला तर आई म्हणाली, "पाट्याला टाकी लावल्यागत दिसतंय." अगदी तसंच.

'क्रूर'चं काय सांगायचं! 'ब्रुटालिस्ट' हे नाव जोडलंय फ्रेंच 'बेताँ ब्रूत'शी, म्हणजे कच्चं, प्लास्टर न केलेलं काँक्रीट, सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेलं. क्रौर्याचा संबंध नाही.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने शिकागोतली अशीच प्रेंटिस हॉस्पिटलची इमारत पाडली, तेवढं खरं. त्यावरून 'सगळं जग'? आणि पर्यावरण म्हणाल, तर नव्या इमारतीचं सिमेंट कार्बन ओकणाऱ्या भट्टीतूनच येतं ना?

पोरीचं मॉडेल अर्ध्यावर अडलंय, माउंटबोर्ड, म्हणजे मॉडेलचा जाड पुठ्ठा, संपला. अण्णा, साताऱ्याहून मी घेऊन येतो, पैसे तुम्ही द्यायचे.