‘आम्हीही मार खाल्लाच की’

मागच्या सोमवारी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वहिनीनं एक फोटो टाकला. माझ्या भाच्याचा तळहात, लाल झालेला. पाचवीतलं पोर. भागाकार चुकले म्हणून क्लासच्या सरांनी पट्ट्या मारल्या होत्या. जाऊन जाब विचारावा का, एवढंच तिनं विचारलं होतं. तासाभरात तीस-चाळीस उत्तरं आली, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच: आम्हीही मार खाल्लाच की, बिघडलो का? काकांनी चिंचेच्या फोकेची आठवण काढली, आत्तेभावानं उठाबशांची. दादानं, म्हणजे त्या पोराच्या बापानं, शेवटी लिहिलं, ‘सर चांगले आहेत, राहू दे.’

मी तेव्हा गोथेनबर्गमध्ये ट्रामच्या दारापाशी उभी होते, मुलीची पोहण्याची पिशवी खांद्याला लावून. उतरायचा थांबा गेला तरी मला कळलं नाही.

मी जिथं राहते तिथं १ जुलै १९७९ पासून आई-वडिलांनीसुद्धा मुलावर हात उगारायचा नाही, असा कायदा आहे. घरातला मार बंद करणारा स्वीडन हा जगातला पहिला देश. लोकांना हे कळावं म्हणून तेव्हा दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली होती. आमच्या शेजारच्या बाई त्या वर्षी नऊ वर्षांच्या होत्या. सकाळी फिलवर, म्हणजे इथल्या पातळ दह्यावर, चमचा फिरवता फिरवता आपण तो मजकूर वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला, असं त्या सांगतात. मला या देशातली ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते. ज्याच्यासाठी कायदा केला, त्या मुलाच्याच हातात तो दिला. आणि त्या कलमात वेगळी शिक्षाही ठेवली नव्हती. गंभीर मारहाणीला आधीचा कायदा होताच. आई-बापांना तुरुंगात धाडण्यापेक्षा त्यांची सवय मोडायची होती.

हे ग्रुपवर लिहिलं की ‘तिकडचं तिकडे ठेव’ असं उत्तर येतं. मग कोणीतरी नॉर्वेचं उदाहरण काढतं. २०११ मध्ये तिथल्या बालसंरक्षण खात्यानं एका भारतीय जोडप्याची दोन मुलं काढून घेतली होती, ते प्रकरण आमच्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे. आता भर पडली आहे ती इथल्या टोळ्यांची. ‘तुमच्याकडे पंधरा वर्षांची पोरं बंदुका घेऊन फिरतात, ती धपाटे न दिल्यामुळेच ना?’ हे वाचून माझा फार संताप होतो. टोळ्या आहेत, कोवळी पोरं त्यांत ओढली जातात, हे खरं आहे, आणि आई म्हणून मला त्याची भीती वाटते. पण वस्त्या अशा वेगळ्या का पडल्या, ही पोरं शाळेतून का गळाली, हे ज्यांनी एकदाही विचारलं नाही, त्यांनी त्यांची दुर्दशा आपल्या पट्टीच्या समर्थनाला वापरू नये.

आणि हे ‘तिकडचं’ कसं? १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. त्याआधी ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं. मुलाला भीती घालून शिकवायचं नाही, हा गिजुभाईंचा पायाच होता. बोर्डीत बालवाडी भरत होती तेव्हा स्वीडनच्या प्राथमिक शाळांत छडी चालायची. ती बंद व्हायला १९५८ उजाडलं. म्हणजे हा विचार आपल्याकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तेरा वर्षं आधीच कामाला लागला होता. आम्ही तो ऐकला नाही, एवढंच.

शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेतला मार आणि मानसिक छळ १ एप्रिल २०१० पासून बंद झाला. ते कलम शाळेपुरतं. क्लासच्या सरांचं फावतं आणि घराचा तर प्रश्नच येत नाही. शेजारच्या नेपाळनं २०१८ मध्ये घरातला मारही बंद केला. आपल्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात तीनांपैकी दोन मुलांनी आपल्याला मारहाण होते असं सांगितलं होतं. आमच्या ग्रुपवर हे प्रमाण बरंच जास्त निघेल.

इथपर्यंत मी ठामपणे बोलू शकते. पुढचं सांगताना जड जातं.

२०१९ च्या फेब्रुवारीत अण्णा, माझे वडील, आमच्याकडे आले होते. बाहेर चिखल-बर्फाचा राडा, मुलगी चार वर्षांची, गालोनबुक्सर, म्हणजे पाणी न शिरणारी विजार, घालायला तयार नाही. दारात लोळण घेऊन रडत होती. फोश्कूलाला, म्हणजे इथल्या बालवाडीला, उशीर होत होता. अण्णांनी तिच्या पाठीत एक धपाटा दिला. एकच. ती गप्प झाली, कपडे चढले, आम्ही वेळेत पोचलो.

दुसऱ्या दिवशी तिनं तिथं सांगितलं. तिच्या शिक्षिकेनं मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, आणि त्या शांतपणानंच माझ्या पायांतलं बळ गेलं. वरच्या ऑफिसला कळवणं तिचं कर्तव्य होतं, ते मला माहीत होतं. त्या रात्री मी अण्णांना म्हणाले, ‘इथं हे चालत नाही, कायदा आहे.’ माझ्या मुलीला मारू नका, असं मी म्हणालेच नाही. ते म्हणाले, ‘तुला मारलं तेव्हा कुठं काय झालं?’ त्यावर मी गप्प बसले. कायद्याच्या आडून बोलणं सोपं होतं, स्वतःचं बोलणं जमलं नाही.

पुढचे तीन आठवडे अण्णांनी तिला उचललं नाही. ट्रामच्या थांब्यापर्यंत तिच्याबरोबर चालायचे ते दोन्ही हात पाठीमागे बांधून. ती हात पुढे करायची, ते खिशातून एक मोजा काढून तिच्या हातात द्यायचे आणि पुन्हा हात मागे.

इथं फिकाला, म्हणजे कॉफीच्या सुट्टीत, कोणी विचारतं, ‘भारतात मुलांना मारतात ना?’ तेव्हा मी ताठ होते आणि ‘आमच्याकडे नाही’ म्हणते. मिरजेच्या शाळेत गणित शिकवणारे, सणाला विद्यार्थी पाया पडायला यायचे ते माझे अण्णा या लोकांच्या नजरेत एका वाक्यानं गुन्हेगार व्हावेत, हे मला सोसत नाही. आणि मिरजेत, जिथं त्यांना सगळे ओळखतात, तिथं मला लागलं होतं असं म्हटलं की मी फॉरेनची होते. चौदा वर्षांत दोन्हीकडे मी या एका विषयावर धड खरं बोललेले नाही. मुलगी झाल्यावर मी हात उगारला नाही तोसुद्धा सुरुवातीला ती आपल्यापासून काढून घेतील या भीतीनं. पटलं ते नंतर, फार नंतर.

मंगळवारी मी ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं: ‘बिघडलो नाही हे खरं. पण कोणी टेबलावर पट्टी आपटली की माझी बोटं आपोआप मिटतात, वय त्रेचाळीस झालं तरी. वहिनी, तू उद्याच जा. सरांना सांग, भागाकार पुन्हा समजावा.’

कोणीच काही लिहिलं नाही. संध्याकाळी अण्णांचा फोन आला. एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, हल्ली आवाज बारीक झालाय. म्हणाले, ‘कुठली पट्टी गं?’

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी सांगितलं. लाकडी, फूटभर, एका कडेला पत्रा होता, कपाटावर ठेवलेली असायची. सतराचा पाढा होता.

‘किती मारल्या?’

‘सहा.’

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, ‘फोनवर नको. जूनमध्ये येशील तेव्हा बसून बोलू.’ तिकिटं काढली आहेत. वहिनी बुधवारी क्लासला जाऊन आली, आणि तिच्याबरोबर दादाही गेला होता.