अणुयादी पाकिस्तानला ‘फुकट’ दिली? आणि त्यात सोलापूर?

दर जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरायच्या सुमारास, सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘सरकारने आपल्या अणुबॉम्बचे पत्ते पाकिस्तानला दिले, यादीत सोलापूरचा वीजप्रकल्पही आहे.’ खाली शिव्यांचा पाऊस.

अणुकेंद्रांची यादी दिली जाते, हे खरे. अक्षांश-रेखांशासह दिली जाते, हेही खरे. पण ती एकतर्फी नसते. त्याच दिवशी पाकिस्तानही आपली यादी भारताला देतो. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादेत झालेल्या करारानुसार दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. कुठे हल्ला करायचा नाही हे कळावे म्हणून ही यादी. करार २७ जानेवारी १९९१ पासून लागू झाला आणि १ जानेवारी १९९२ पासून दरवर्षी देवाणघेवाण होते. कारगिलनंतर झाली, २६/११ नंतरच्या जानेवारीतही झाली. म्हणजे ‘या सरकारने’ की ‘त्या सरकारने’ हा वादच फोल. सगळ्यांनीच दिली आहे.

यादीत येतात त्या अणुभट्ट्या, इंधननिर्मिती, युरेनियम समृद्धीकरण, वापरलेल्या अणुइंधनाची पुनर्प्रक्रिया आणि किरणोत्सारी साठ्याच्या जागा. किती बॉम्ब आहेत, याचा हिशेब त्यात मागितलेलाच नाही.

राहिले सोलापूर. फताटेवाडीचा एनटीपीसी प्रकल्प १,३२० मेगावॉटचा आहे आणि तो कोळशावर चालतो. तिथे अणुभट्टी नाही. महाराष्ट्रातले अणुवीज केंद्र तारापूरला, पालघर जिल्ह्यात आहे. उंच चिमणी दिसली की अणुभट्टी, असा समज करून घेणाऱ्यांनी एकदा तिकडे येणाऱ्या कोळशाच्या गाड्या पाहाव्यात.