मूनी जुळला म्हणजे माल चालला, असं नाही

लेख आवडला, पण 'कंपाउंडची मूनी व्हिस्कॉसिटी जुळली की पुढची चिंता नाही' या वाक्याशी अडखळलो. (कंपाउंड म्हणजे गंधक वगैरे मिसळलेलं रबर, आणि मूनी म्हणजे ते गरम असताना किती घट्ट आहे याचा यंत्रावर मोजलेला आकडा.) साकीनाक्याच्या गाळ्यात बरीच वर्षं रबर एक्स्ट्रूजन, म्हणजे डायच्या (आकार देणाऱ्या तोंडाच्या) भोकातून रबर रेटून पट्ट्या काढायचं काम केलंय, म्हणून लिहितो.

मूनीच्या यंत्रात रोटर मिनिटाला फक्त २ फेरे घेतो. इतक्या संथपणे रबर जसं वागतं तसं डायमधून रेटताना वागत नाही. वेग वाढला की ते पातळ होतं, आणि किती पातळ होईल हे त्या एका आकड्यात दिसत नाही. आमच्याकडे एकदा दोन लॉट आले, दोन्हींचा मूनी जवळपास सारखाच. पहिल्याची दाराची पट्टी गुळगुळीत निघाली. दुसऱ्याची डायबाहेर पडताच फुगली, कडा करवतीसारख्या. रबराला आठवण असते हो, दाबून धरलेलं सुटलं की ते परत आखडतं नि जाड होतं. आम्ही आधी डाय घासत बसलो, दोन दिवस वाया! शेवटी मिलवर (रबर मळायच्या दोन रोलांच्या यंत्रावर) कच्चं रबर जास्त वेळ मळलं, तेव्हा फुगणं कमी झालं. अर्थात फार मळलं तर ताकद जाते.

त्यात मुंबईचा मे महिना. गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कोमट, रोल थंड होणार कसे? गंधक घातलेला माल मिलवरच स्कॉर्च व्हायला, म्हणजे वेळेआधीच पक्का व्हायला लागतो, मग प्रवाह कसला, नुसत्या गुठळ्या. म्हणून मे महिन्यात अ‍ॅक्सिलरेटर (रबर लवकर पक्कं करणारं रसायन) आम्ही पहाटेच घालायचो. लेखात स्कॉर्च टाइमवर (किती वेळात माल स्कॉर्च व्हायला लागतो यावर) दोन ओळी तरी हव्या होत्या.