तंबाखू खाणारे सगळेच मनोरुग्ण? खुलासा

‘तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला आता मनोरुग्ण ठरवलंय’ असा मेसेज फिरतोय. तसं काही नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या मानसिक आजार ओळखण्याच्या २०१३ च्या नियमावलीत ‘तंबाखू वापर विकार’ आहे खरा, पण ११ निकषांपैकी किमान २ बारा महिन्यांच्या काळात दिसले तरच तो धरतात. म्हणजे सोडायचं ठरवूनही पुडी पुन्हा खिशात येते, पूर्वीची चिमूट आता पुरत नाही, मिळाली नाही की घरच्यांवर चिडचिड. कधीमधी मळणारा यात बसेलच असं नाही. कॅन्सरचा धोका मात्र त्यालाही आहेच! आणि ‘आता’ कसलं? तंबाखूचं अवलंबित्व १९८० च्या आवृत्तीतही होतं.