लोगो टेम्पोवर चढेपर्यंत

मसाल्याचा कारखाना असो की सोलर पंपाचा, पहिल्या मीटिंगला क्लायंट एकटा येत नाही. मालक, त्यांचे धाकटे बंधू, एमबीए करणारा पुतण्या आणि हिशेब बघणारे काका असे चौघे येतात. काका चहा घेतात, बोलत काहीच नाहीत, आणि शेवटचा शब्द त्यांचाच असतो. आम्ही डिझाइन स्टुडिओवाले हे कप खाली ठेवायच्या आत ओळखतो. तरी सगळं प्रेझेंटेशन पुतण्याकडे बघून करतो, कारण 'ब्रँड आयडेंटिटी' म्हटल्यावर मान हलवणारा तो एकटाच.

"काही नाही हो, साधा लोगो पाहिजे." या साध्यात मिरची लागते, खलबत्ता लागतो, आजीचा हात लागतो, मागे उगवता सूर्य लागतो, आणि एवढ्या गर्दीतून तो 'मॉडर्न' दिसायलाही लागतो. साध्याचा नमुना म्हणून स्टेट बँकेचं चिन्ह दाखवावं: शेखर कामत यांनी १९७१ साली केलेलं, एक निळं वर्तुळ, एक भोक, एक फट. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "हे तर आमचा बंड्यापण काढेल." काढेल की. फक्त तिथे थांबणार नाही, पुढे सूर्य काढेल.

मग पैसे. पुतण्याला नाइकीची गोष्ट पाठ असते: १९७१ मध्येच कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने ती बाकदार खूण ३५ डॉलरमध्ये करून दिली. कंपनीने पुढे तिला शेअर दिले, हे आम्ही सांगतो. शिवाय १९८६ साली अमेरिकन डिझायनर पॉल रँडने स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीकडून एक लाख डॉलर घेतले आणि एकच डिझाइन दिलं, दुसरा पर्याय नाही, हेही सांगतो. काकांना दोन्ही आकडे ऐकू जातात. त्यांच्या लक्षात ३५ राहतो.

खरं काम वाण्याच्या दुकानात सुरू होतं. फळीपासून दहा फुटांवर उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघायचा. मसाल्याची सगळी पाकिटं लाल असतात. त्या लालात आणखी एक लाल टाकलं की पाकीट दिसेनासं होतं. हा फोटो दाखवून आम्ही जांभळा सुचवतो. सगळे फोटो बघतात, पटतं म्हणतात, आणि लालच करा म्हणतात.

आता अक्षरं. समजा, नावात 'वऱ्हाडी' हा शब्द आहे. (रजिस्ट्रेशनच्या वेळी वकील सांगतात की नुसत्या प्रदेशाच्या नावावर ट्रेडमार्क मिळणं अवघड, आणि मसाल्यासाठी वर्ग ३०, लोणच्यासाठी वर्ग २९, म्हणजे दोन वर्गांची फी. पण तोवर बारशाचे पेढे वाटून झालेले असतात.) या शब्दातला जो 'ऱ्ह' आहे, ह-च्या आधी पापणीसारखी आडवी रेघ, तो आमचं वय वाढवतो. नेहमीचा र टाइप करून हलन्त दिला की र उडी मारून ह-च्या डोक्यावर रफार होऊन बसतो: 'वर्हाडी'. पापणी हवी तर नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ घ्यावा लागतो. तो घेतला तरी फॉन्टमध्ये हे जोडाक्षर काढलेलंच नसलं, तर उघडा हलन्त लटकत राहतो. आणि सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरं जुळवणारा कंपोझर चालू नसेल, तर 'मिरची'तली पहिली वेलांटी म-च्या पलीकडे जाऊन उभी राहते. हे सगळं जमलं, तरी ल आणि श फॉन्टवाल्याने हिंदी वळणाचे दिलेले असतात. क्लायंटला ते कळत नाही. त्याच्या आईला कळतं. "हे आपलं नाही वाटत," एवढंच ती म्हणते आणि बरोबर असते. म्हणून नावाची अक्षरं हाताने काढायची आणि मगच मशीनवर न्यायची, हा माझा हट्ट आहे.

लोगो आधी काळ्या-पांढऱ्यात पास करून घ्यायचा, कारण मालाच्या चलनावरच्या रबरी शिक्क्याला रंग एकच असतो. टोपीवर भरतकामात पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर म्हणजे दोऱ्याची गाठ. व्हॉट्सॲपचा डीपी गोल असल्यामुळे चौकोनी लोगोचे चारही कान कापले जातात. पर्याय तीनच दाखवायचे. तरीही पहिल्यातली मिरची, दुसऱ्यातलं अक्षर आणि तिसऱ्यातली चौकट अशी मिसळ मागितली जातेच. मिसळीला निदान पाव तरी मिळतो.

छपाईत माणसाची खरी परीक्षा होते. स्क्रीनवर उजेडाचा रंग असतो, कागदावर शाईचा, आणि स्क्रीनवरचा पोपटी छपाईच्या चार शाईंत बसतच नाही. पँटोनचा, म्हणजे ठरलेल्या छटांच्या यादीतला, एकच नंबर ग्लॉसी आणि साध्या कागदावर दोन सख्ख्या पण न बोलणाऱ्या भावांसारखा दिसतो. हळदीचा पिवळा सगळ्यात नाजूक: सायन, म्हणजे निळी शाई, पाच टक्के जरी सरकली तरी हळद शेवाळते. पाउचच्या फिल्मवर रंगामागे पांढरी शाई द्यायची राहिली, तर लाल मिरचीची सुकट होते. ग्रॅव्ह्युअरमध्ये, म्हणजे पाउचच्या सिलिंडर-छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, त्यामुळे उगवत्या सूर्याचा खर्च ऐकून सूर्य आपोआप मावळतो. हा एकच निर्णय काका उघडपणे घेतात.

उरलेल्या जागेवर सरकारचा हक्क. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी नंबर, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, वजन, किंमत, पोषणमूल्यं, आणि बारकोड. बारकोडचं मूळ माप ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर, फार तर ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. तो 'जरा शोभेसा' लाल करायची सूचना हमखास येते. स्कॅनरचा उजेडच लाल असतो, त्याला लाल पट्ट्या पांढऱ्याच दिसतात, आणि मॉलच्या काउंटरवरची मुलगी तेरा आकडे हाताने मारत बसते. हे समजावलं की धाकटे बंधू विचारतात, "मग सोनेरी?"

शेवटी चाळीस पानांचं मॅन्युअल देतो: लोगोभोवती किती जागा सोडायची, किती लहान करायचा नाही, कुठल्या रंगावर ठेवायचा नाही. ते उघडलं जात नाही. तिसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्याचा फोन येतो: "ओपन फाइल द्या. सीडीआर. व्हर्जन खालचं करून, आणि फॉन्ट कर्व्ह करा." सीडीआर म्हणजे कोरलड्रॉची फाइल, आणि कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकणं. आम्ही कर्व्ह केलेली पीडीएफ आधीच पाठवलेली असते. तो व्हॉट्सॲपवरचा डीपी उचलतो, दहा बाय तीन फुटांवर ताणतो, आणि जागा उरली म्हणून मिरची लांब करतो. पाटीवर मराठी अक्षर इतर भाषेपेक्षा लहान नको, हा नियम २०२२ पासून सगळ्याच दुकानांना लागू आहे. तेवढ्यासाठी आम्ही आडवा, मराठी वर असलेला लोगो वेगळा करून दिलेला असतो. तो पुतण्याच्या ईमेलमध्ये, 'प्रमोशन्स' टॅबमध्ये झोपलेला असतो.

आणि मग टेम्पो. पेंटर फाइल मागत नाही, सीडीआर मागत नाही. पाकीट डाव्या हातात धरतो, डोळे बारीक करून बघतो, खडूने दोन रेघा मारतो आणि सुरू होतो. ज्या 'ऱ्ह'साठी आमचे तीन फॉन्ट, दोन सॉफ्टवेअर आणि एक आठवडा गेला, तो त्याच्या ब्रशमधून एका फटक्यात उतरतो, पापणी अगदी जागच्या जागी. त्याच्याकडे फॉन्टच नाही, तर तुटणार काय? ल मराठी, श मराठी. आम्ही त्याचे फोटो काढून घेतो.

मिरची मात्र हिरवी असते. लाल डबा संपलेला असतो.