"यात तसं काही दिसत नाही मॅडम"

सकाळपासून डोकं फिरलेलं आहे, दुपारी कूलरसमोर पडून पाहिलं तरी शांत होईना, म्हणून लिहून राहिले. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते.

वॉकवरून येताना आम्ही मैत्रिणी रोजच्यासारख्या तर्री पोहे खायला थांबलो. बाजूच्या बाकावर तिघं जण. पोट्टे नाहीत हं, चांगले पंचेचाळीस-पन्नाशीचे. एकाच्या हातात मोबाइल, त्यावर कुठल्याशा मुलीच्या खासगी क्षणांचा व्हिडिओ, बाकीचे दोघं त्यावर वाकलेले. "कोणत्या कॉलेजची हाय बे?" "मले टाक ना." आणि त्याने टाकला, माझ्या डोळ्यांदेखत. अंगठा दोनदा टेकवला, फोन खिशात घातला आणि प्लेट पुढे करून तर्री वाढून मागितली. एवढाच वेळ लागला.

मी उठले आणि विचारलं, त्या मुलीने तुम्हाला पाठवला होता का? तर म्हणे, "ताई, आम्ही थोडी काढला, आम्हाला तर फॉरवर्ड आला." आणि त्याला मनापासून तसंच वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. अरे आयटी ॲक्टच्या (इंटरनेट-मोबाइलवरच्या गुन्ह्यांचा कायदा) कलम ६७ए मध्ये प्रसिद्ध करणारा आणि पाठवणारा एकाच ओळीत आहेत, असा व्हिडिओ पुढे ढकलला तर पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, आणि हा माणूस ते तर्री वाढेपर्यंत करून मोकळा झाला. मैत्रिणी मला ओढत घरी घेऊन आल्या. हात थरथरत होते माझे.

जवळच्यांना माहीत आहे मी इतकी का पेटते. माझ्या भाचीसोबत हे झालेलं आहे. तिला विचारूनच लिहितेय. म्हणाली, "लिही मावशी, फक्त माझं कॉलेज लिहू नको."

डिसेंबर होता, नागपुरात हिवाळी अधिवेशनाचे दिवस, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बॅरिकेड लावून बंद. रात्री साडेनऊला तिचा फोन आला, "मावशी, तू एकटी आहेस का?" पुढचं मला रडण्यातून शोधून काढावं लागलं. दोन वर्षं ज्याच्यासोबत होती त्याने ब्रेकअप झाल्यावर तीन फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकले आणि तिथून ते कुठे कुठे गेले ते आम्हाला आजपर्यंत पूर्ण कळलेलं नाही. ताईला तेव्हा सांगितलं नाही, तिचं बीपी. रात्रभर मी कायदे वाचत बसले, मी कॉमर्सची बाई, कलमं कशाशी खातात मला माहीत नव्हतं.

सकाळी दोघी पोलीस स्टेशनला. टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, "दाखवा बरं काय आहे ते." तिने फोन मांडीवर पालथा ठेवलेला, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या, आणि कव्हरचा सुटलेला कोपरा ती नखाने खरवडत होती, एकसारखी. तिच्या हातावर मी हात ठेवला आणि म्हटलं, महिला अधिकारी बोलवा. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या (तक्रार, तपास कसा करायचा त्याचा कायदा) कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अशा गुन्ह्यात बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. "मॅडम, सगळा स्टाफ बंदोबस्ताला आहे." बरं, आयटी ॲक्टचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या माणसाला करताच येत नाही, तसा कायदाच आहे, आणि इन्स्पेक्टर साहेब पण विधानभवनावर. दीड वाजेपर्यंत आम्ही बाकावर. मधल्या वेळात कोणीतरी जाता जाता विचारलंच, "फोटो काढलेच कशाला पण?" तिने मान वर केली नाही.

याच प्रश्नाचं उत्तर कायद्यात २०१३ पासून लिहून ठेवलेलं आहे हो! तेव्हा ते जुन्या दंड संहितेचं (आयपीसी) कलम ३५४सी होतं, जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेचं कलम ७७. त्याखाली स्पष्टीकरण आहे की बाईने फोटो काढायला होकार दिला असेल पण तिसऱ्याला दाखवायला दिला नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हाच. म्हणजे काढायला हो म्हटलं म्हणून गावाला वाटायला हो होत नाही. इतकं सरळ. आणि ज्यांनी हे रोज वापरायचं तेच विचारतात काढले कशाला.

दुपारी एक महिला हवालदार आल्या आणि त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, सगळे पोलीस सारखे नसतात, मान्य. त्यांनी फोनवर तळहाताचा आडोसा धरून एकेक फोटो पाहिला, पोरीला पाणी दिलं, तक्रार तिच्या शब्दांत लिहून घेतली. संध्याकाळी इन्स्पेक्टर साहेब आले, थकलेले, पण नीट बोलले. तीनपैकी दोन फोटोंना कलम लागेल म्हणाले. तिसरा त्यांनी दोनदा पाहिला. "यात तसं काही दिसत नाही मॅडम."

तिसऱ्या फोटोत ती चादर गळ्यापर्यंत ओढून बसली आहे. खांदे उघडे, केस विस्कटलेले, सरळ कॅमेऱ्याकडे पाहून हसतेय. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडे पाहून हसतात तसं. बाकी दोघांत तिचा चेहरा अर्धा होता, यात पूर्ण आहे. म्हणून हाच सगळ्यात जास्त फिरला, हाच पाहून लोकांनी तिला ओळखलं, कॅन्टीनमध्ये याच फोटोवरून पोरं तिच्याकडे पाहून चादर ओढायची ॲक्शन करायची. आणि कायद्याला यात काही दिसत नाही.

साहेब खोटं बोलत नव्हते, हेच तर दुखतं. आयटी ॲक्टचं ६६ई काढून वाचा, त्यात शरीराच्या भागांची यादी आहे, उघडे किंवा नुसत्या आतल्या कपड्यांत. ७७ मध्ये पण थोड्याफार फरकाने तेच मोजमाप. कलम ६७ तर बघतं की मजकूर कामुक आहे का, पाहणाऱ्याचं मन बिघडेल का. पाहणाऱ्याचं! माझी भाची काय अश्लील साहित्य आहे का? तिचा जीव जळला तो ती किती उघडी होती यामुळे नाही जळला, तिने एका माणसाला दिलेलं त्याने शंभर जणांत वाटलं म्हणून जळला. पहिला प्रश्न एकच हवा ना, हिची परवानगी होती का. मग चादर गळ्यापर्यंत असो नाहीतर नसो. आपल्याकडे आधी कापड मोजतात.

इंग्लंडमध्ये २०१५ ला यासाठी वेगळा गुन्हा केला, त्यात त्रास द्यायचा हेतू होता हे सिद्ध करावं लागायचं, २०२३ च्या कायद्याने मूळ गुन्ह्यातून ती अट काढून टाकली. संमती नव्हती, संपलं. आपण आपली संहिता नवी लिहायला बसलो तेव्हा हे करता आलं असतं. जुनंच कलम नवा नंबर देऊन ठेवलं.

आणि ७७ पहिल्या वेळी जामीनपात्र आहे, शिक्षा १ ते ३ वर्षं. तो जामिनावर सुटला आणि त्याच आठवड्यात फुटाळा तलावावर मित्रांसोबत मक्याचं कणीस खाताना दिसला. जामीन हा प्रत्येकाचा हक्क आहे, खोट्या तक्रारी पण होतात, माहीत आहे, कमेंटमध्ये शिकवू नका. पण ती महिनाभर तोंडाला स्कार्फ बांधून ऑटोने जात होती आणि तो कणीस खात होता, हे मला विसरता येत नाही. बलात्काराच्या केसमध्ये पीडितेचं नाव छापणं गुन्हा आहे, कलम ७२. त्या कलमात ७७ चा गुन्हा येत नाही. तिचं नाव कोणी छापलं असतं तर त्या कलमाखाली काही करता आलं नसतं.

रात्री ती आणि मी लॅपटॉप घेऊन बसायचो. २०२१ च्या आयटी नियमांत तेव्हा लिहिलेलं होतं की स्वतः तक्रार केली की २४ तासांत असा फोटो उतरवायचा (२०२६ मध्ये ही मुदत कमी केली). एका ॲपवरून उतरायचा, चार दिवसांनी दुसऱ्या कोणाच्या अकाउंटवर वर यायचा. परत लिंक, परत स्क्रीनशॉट, परत तोच फॉर्म. प्रत्येक वेळी तिला तो फोटो उघडून पाहावा लागायचा. मी म्हणायची, दे मी करते, तर लॅपटॉप सोडायची नाही.

कोणाच्या घरी हे चालू असेल तर दोन गोष्टी, ज्या मला उशिरा कळल्या. सरकारच्या सायबरक्राईम पोर्टलवर बायका-मुलांच्या अशा तक्रारी नाव न देता पण करता येतात. आणि स्टॉपएनसीआयआय नावाची साइट आहे, तिथे फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त एक कोड तयार होऊन सोबत असलेल्या कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो कोणी परत टाकला तर पकडता येतो. स्क्रीनशॉट आणि लिंक काढल्याशिवाय काही डिलीट करू नका. इनबॉक्समध्ये लिहा, मी येईन सोबत स्टेशनला. खरंच येईन.

पुढच्या महिन्यात तिची तारीख आहे. रजा टाकली आहे मी.

आत्ता तिला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. चादरीचा भाग ठेवू की काढू, विचारलं. बराच वेळ नुसता तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "ठेव."