अलार्म लावा म्हणे!

आज सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान निघालं: "सर्व बाइकवाल्यांनी अलार्म बसवून घ्यावा." खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

मागच्या गल्लीतल्या पोराची शंभर सीसीची बाइक चोरीला गेली ना, तिला अलार्म होता. रात्री चांगला बोंबलला. वरून दोघातिघांनी "बंद कर रे ते!" म्हणत खिडक्या लावून घेतल्या. का नाही लावणार? बेस्टची बस गेली, मांजरानं सीटवर उडी मारली, ढोल-ताशाचा सराव सुरू झाला, की तो रोज केकाटायचा. धक्का ओळखणारा शॉक सेन्सर किती नाजूक ठेवायचा ते बहुतेक अलार्मवर कमी-जास्त करता येतं. स्टँडवरून गाडी उतरवली तर वाजावा, सीटवर थाप पडली तर नाही, एवढंच बघायचं. पण बसवणारा दुकानात थाप मारूनच "बघा, कसला वाजतो" दाखवतो आणि तसाच सोडून देतो.

त्यात बॅटरी. शंभर सीसीच्या गाडीला साधारण 3 अँपिअर-तासांची बॅटरी. अलार्म नुसता जागा राहायला 10 मिलिअँपिअर ओढत असेल, तर उभ्या गाडीची बॅटरी 12 दिवसांत बसते. गावाहून या आणि किका मारा. शिवाय सायरन बसवतात साइड पॅनेलमागे, सहज हात जाईल असा. त्या पोराचा सायरन दुसऱ्या दिवशी गटाराकडेला सापडला, वायर तोडलेली.

हँडल लॉकवर तर बोलूच नका. आत बोटाएवढी खीळ, जोरदार रेट्यात मोडते. ब्रेकच्या चकतीत अडकवायचा डिस्क लॉक बरा, पण ड्रम ब्रेकच्या गाडीला लावणार कुठे? लावला तरी गाडी 110-120 किलोची, तिघं मिळून टेम्पोत टाकतात. आणि तो काढायला विसरून रेस दिलीत की ब्रेकचा कॅलिपर तरी जातो नाहीतर तुम्ही तरी पडता. म्हणून लॉकपासून हँडलपर्यंत आठवणीची पिवळी वायर ओढून ठेवा.

चोराला वेळ लागला पाहिजे, आणि गाडी कशाला तरी बांधलेली पाहिजे. कडक पोलादाची, निदान 10 मिमी जाडीची चेन घ्या. ती मागच्या चाकातून आणि फ्रेममधून काढून खांबाला किंवा भिंतीत पक्क्या बसवलेल्या कड्याला अडकवा. नुसतं पुढचं चाक बांधलंत तर चाक ठेवून बाकीची गाडी जाईल. चेन जमिनीवर लोळू देऊ नका, कटरचा एक दांडा फरशीवर टेकवून सगळं वजन टाकता येतं. कुलूपही चेनच्या तोडीचं हवं. पावसाळ्यात त्यात तेलाचे दोन थेंब, नाहीतर किल्ली आत मोडेल.

हो, लोखंड कापायच्या ग्राइंडरपुढे कुठलीच चेन टिकत नाही, मान्य. पण ठिणग्या उडतात, वेळ लागतो, आणि शेजारची मोकळी गाडी चोराला सोपी पडते. गेटवर वॉचमन खरंच जागा असेल तर अलार्मचाही उपयोग होतो. झालं समाधान?

लपवलेला किल स्विच, म्हणजे इंजिन चालूच होऊ न देणारं बटण, मला अलार्मपेक्षा कधीही बरा वाटतो. स्विच स्वस्त, फक्त वायरिंग कळणाऱ्या मेकॅनिककडून बसवा. वॉरंटीतल्या गाडीची वायर मात्र कापू नका.

त्या पोराचं वाईट वाटतं हो. त्याच गाडीवर घरोघरी जेवण पोचवायचा, हप्ते अजून चालू आहेत. विमा नुसता थर्ड पार्टी, त्यात चोरीचा रुपया मिळत नाही. चोरीचं कव्हर असतं तरी एफआयआर आणि दोन्ही मूळ किल्ल्या मागितल्या असत्या. तुमची दुसरी किल्ली कुठे आहे, आत्ता उठून बघा.

आणि कमिटीला एक विनंती. लॉबीच्या टाइल्सवर उधळलेल्या पैशातून थोडे काढून पार्किंगच्या काँक्रीटमध्ये जाड सळीची कडी बसवून द्या, प्रत्येक गाडीमागे एक. रविवारच्या मीटिंगला अलार्मचा ठराव आला तर माझा हात विरोधात वर असेल.